सीए-१२५ चा आकडा कसा वाचावा

रविवारी विहारात वंदना आटोपली की कुणीतरी बाई रिपोर्टची पिशवी घेऊन आमच्याजवळ येते. ‘ताई, अंडाशयाचा कॅन्सर निघालाय, आकडा चारशे आहे. आता काय उरलं?’

सीए-१२५ हे प्रथिन गाठीच्या पेशींतून रक्तात उतरते. ३५ युनिटपर्यंत ते सर्वसाधारण धरतात. पण पोटाच्या क्षयातही ते वाढते, पाळीतही. आपल्या वस्त्यांत क्षय किती, हे वेगळे सांगायला नको. उलट कॅन्सर पहिल्या टप्प्यात असताना सुमारे निम्म्या बायकांचा आकडा ३५ च्या आतच असतो.

पुढचा अंदाज एका आकड्यावरून बांधत नाहीत. केमो सुरू झाल्यावर पहिल्या १०० दिवसांत तो किती वेगाने उतरतो, ते डॉक्टर बघतात. ४०० वरून झपाट्याने खाली येणारा आकडा १५० वर अडून बसलेल्यापेक्षा बरा. चारशे बघून केमो सोडू नका, बायांनो.

पहिलाच रिपोर्ट हरवला तर उतार मोजायचा कशावरून? सगळे रिपोर्ट तारखेनुसार ठेवा, तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. आणि ज्यांचे पोट काही आठवडे फुगलेले राहते, दोन घासांत भरते, त्यांनी आकड्याच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफीबद्दल विचारावे.