उजवा हात रुसला तेव्हा

गेल्या नाताळच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे बेळगावला राहायला आली होती. नववीत आहे, पेटी छान वाजवते. परीक्षा तोंडावर आलेली, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ रियाज चालू. एका दुपारी मटार सोलायला बसलो, तर ही शेंगा डाव्या हाताने उघडायला बघतेय. विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं आत्या, करंगळी जरा आखडते." किती दिवस झाले? दीड महिना!

"मग सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणाली होतीस ना, रियाजात थोडं दुखायचंच."

म्हणाले होते खरी. त्या वाक्याची मला त्या दिवशी लाज वाटली. रात्री जेवणं झाल्यावर मी तिला लिऑन फ्लायशर या पियानोवादकाची गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

फ्लायशर यांचा जन्म 1928 साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला झाला. आईवडील पूर्व युरोपातून आलेले, वडिलांचा टोप्यांचा व्यवसाय. पियानोची शिकवणी खरं तर मोठ्या भावासाठी लावलेली. भाऊ खेळायला गेला की धाकटा लिऑन ऐकलेलं सगळं वाजवून दाखवायचा. नवव्या वर्षी तो आर्टूर श्नाबेल यांच्याकडे शिकू लागला. आपल्याकडे घराणं सांगतात ना, तसं इथेही सांगता येतं: बीथोव्हनचा शिष्य चेर्नी, त्याचा लेशेटिट्स्की, त्याचा श्नाबेल आणि श्नाबेलचा हा मुलगा!

1944 साली, सोळाव्या वर्षी, तो न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर वाजवायला बसला. 1952 साली ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली. ती जिंकणारा तो पहिला अमेरिकन. पुढे जॉर्ज सेल आणि क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राबरोबर केलेली बीथोव्हन आणि ब्राम्सची ध्वनिमुद्रणं आजही जाणकार आवर्जून ऐकतात.

आणि मग 1964च्या सुमारास, वयाच्या छत्तिशीत, उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळू लागलं. फ्लायशर यांनी काय केलं? आपण सगळे करतो तेच. रियाज वाढवला. दिवसाला सात-आठ तास. बोटं आणखी वळली. 1965 साली ऑर्केस्ट्राबरोबर सोव्हिएत युनियनचा मोठा दौरा ठरला होता, तो सोडावा लागला.

किती डॉक्टर झाले, किती उपचार झाले, गुण येईना. एक वेळ अशी आली की त्यांना जगणंही नकोसं झालं. त्यातून त्यांना बाहेर काढलं ते एका साध्या विचाराने: आपलं नातं संगीताशी आहे, दोन हातांनी पियानो वाजवणं हा त्याचा फक्त एक भाग आहे. मग ते बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत विद्यार्थ्यांना जीव ओतून शिकवू लागले. ऑर्केस्ट्राचं संचालन करू लागले. आणि एकट्या डाव्या हाताने वाजवू लागले.

एका हाताने पियानो? हो! पहिल्या महायुद्धात पॉल विटगेनस्टाइन या ऑस्ट्रियन वादकाने उजवा हात गमावला. त्याने मोठमोठ्या संगीतकारांकडून फक्त डाव्या हातासाठी रचना करून घेतल्या. त्यातला मोरिस रॅव्हेलचा कन्चेर्टो फ्लायशर यांनी आपलासा केला. आपल्या पेटीवर डावा हात बिचारा भाता मारत बसतो. तो कन्चेर्टो डोळे मिटून ऐका, एकच हात वाजवतोय हे सांगूनही पटत नाही.

1982 साली त्यांनी बाल्टिमोरला पुन्हा दोन हातांनी वाजवलं. टाळ्या भरपूर मिळाल्या, पण हात बरा नाही हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं. ते पुन्हा डाव्या हाताकडे वळले. दुखण्याचं नाव कळायला 1991 उजाडलं: फोकल डिस्टोनिया. यात बोटं अशक्त झालेली नसतात, मेंदूकडून स्नायूंना जाणारे संदेशच बिघडतात. म्हणून जिद्दीने जास्त वाजवून ते बरं होत नाही. नव्वदच्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शनं आणि स्नायू सैल करणारी खोल मालिश यांनी बोटं उघडू लागली. 2004 साली अल्बम आला. नाव साधंच, 'टू हँड्स'. दुखणं मुळापासून गेलं नव्हतं, पण हात वाजवत होता. 2020 साली, 92व्या वर्षी, ते गेले. शिकवणं अगदी उतारवयापर्यंत चालूच होतं.

भाची शांतपणे ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "आत्या, मलापण तेच झालंय का?" मला उत्तर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तिला तसलं काही नव्हतं, अतिताणाने सूज आली होती. दोन महिने पेटी बंद. परीक्षा हुकली, थोडं रडू आलं. त्या दोन महिन्यांत ती रोज माझ्याजवळ बसून गाणं ऐकायची आणि बंदिशी वहीत उतरवून काढायची. आता पुन्हा वाजवते, मध्ये मध्ये थांबत.

तुमच्यापैकी कुणी तबला वाजवतं, कुणी सतार, कुणी गिटार. हात दुखला तर लपवू नका, घरात सांगा. आणि आम्हा मोठ्यांना एकच विनंती: मुलं सांगतील तेव्हा "थोडं दुखायचंच" असं म्हणू नका. मी ते म्हणणं सोडलंय.