वीज गेल्यावर दूरध्वनी

१८ सप्टेंबर २०१८ च्या पहाटे, साधारण सव्वा वाजता, आमच्या वन-नॉर्थजवळच्या क्लेमेंटीसह सिंगापूरच्या १९ भागांतील वीज गेली. ३८ मिनिटांत ती सर्वत्र परत आली. परंतु जन्मभर परिचारिका राहिलेल्या माझ्या मनात एकच प्रश्न आला : त्या अवधीत एखाद्या एकट्या वृद्धाच्या छातीत कळ आली असती तर?

मुंबईत रात्रपाळीला वॉर्डातील दिवे जात, पण मेजावरचा काळा दूरध्वनी चालूच असे. एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट तांब्याच्या तारेतूनच त्याला मिळत. तोच विश्वास मी येथे मुलाच्या घरी घेऊन आले, आणि तो चुकीचा होता. येथील तार काचेची. ती आवाज वाहते, वीज नव्हे. भिंतीवरची फायबरची पेटी व राउटर घरच्या विजेवर चालतात; ती गेली की दूरध्वनी मुका.

मोबाइल स्वतःच्या बॅटरीवर जगतो खरा, पण टॉवरच्या बॅटऱ्या काही तासच पुरतात. शिवाय सारेच एकदम बोलू लागले की मार्ग तुंबतो. अशा वेळी लहानसा लेखी संदेश पुष्कळदा पोहोचतो.

म्हणून पेटी, राउटर व दूरध्वनी या तिन्हींना एक छोटा यूपीएस जोडावा. (केवळ राउटरला जोडून भागत नाही, आम्ही प्रथम तेच केले होते.) शब्बाथला मोबाइल न वापरणाऱ्यांनी तो शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी पूर्ण चार्ज करावा, जीव वाचवण्यासाठी तो उचलण्यास धर्माची आडकाठी नाही. आमच्या फ्रिजच्या दारावर क्रमांकांचा कागद आहे. त्यावर पहिला आकडा ९९५, रुग्णवाहिकेचा.