हाताला इसब का होतो? बंदीच्या दोन महिन्यांत सापडणारं उत्तर



१ ऑगस्टला मासेमारी बंदी उठते आणि पुढच्या पंधरा-वीस दिवसांत जेटीवर फाटलेले हात दिसायला लागतात. बोटांच्या बेचक्यात लाल चट्टे, बोटांच्या कडेला पाण्याचे बारीक फोड, तळहाताला भेगा, आणि रात्रीची झोप मोडणारी खाज. कुणी म्हणतं खारं पाणी लागलं, कुणी म्हणतं रक्त बिघडलं, कुणी म्हणतं मासे खायचे सोड. सोसायटीत येणारे खलाशी, बोटमालक आणि मासळी निवडणाऱ्या बाया आम्हाला हेच विचारतात. म्हणून आज इसबाविषयी नीट लिहितो.

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही. इसब झालेल्याच्या हातचं जेवलं, त्याच्या शेजारी झोपलं, त्याचा टॉवेल वापरला तरी तो होत नाही. तेव्हा कुणाला वेगळं ताट देऊ नका, आणि बाजारात बसणाऱ्या बाईच्या हाताकडे बघून नाक मुरडू नका.

कातडी म्हणजे चिऱ्यांची भिंत

आपल्या कातडीचा वरचा थर चिऱ्यांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे चिरे, आणि मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. हा चुना आतलं पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर ठेवतो. चुना धुऊन गेला की कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, बाहेरचं सगळं आत शिरतं आणि शरीर त्याच्याशी झगडायला लागतं. तीच लाली, तीच खाज. खाजवलं की भिंत आणखी पडते, म्हणून खाज आणखी वाढते. हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

काही जणांची भिंत जन्मापासूनच कच्ची असते. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन ही भिंत घट्ट ठेवतं. त्याच्या जनुकात दोष असला तर इसबाचा धोका वाढतो, हे स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं. ज्यांना लहानपणी इसब होता, किंवा ज्यांच्या घरात दमा आणि सकाळच्या शिंका आहेत, त्यांचे हात लवकर फाटतात. एकाच बोटीवर दहा जण तेच काम करतात आणि दोघांचेच हात बिघडतात, त्याचं हे एक कारण. तो माणूस कामचुकार नाही आणि अस्वच्छही नाही.

भिंत पाडतं कोण?

आपल्या धंद्यात पहिला दोषी म्हणजे सततचं पाणी. जर्मनीत कामगारांसाठी नियम आहे की दिवसाला २ तासांपेक्षा जास्त वेळ हात ओले राहत असतील, तर ते कातडीला धोक्याचं काम धरायचं. आपल्याकडे दोन तास एक बोट रिकामी करण्यातच जातात.

त्यावर मीठ, बर्फाचा गारठा, जाळ्याच्या दोरीचं घासणं, माशांचे काटे. मासा साफ करताना पोटातून येणाऱ्या रसात पचनाचे घटक असतात, ते आपल्या कातडीलाही सोडत नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंजिनाचं काम झाल्यावर डिझेलने किंवा कपड्याच्या पावडरीने हात धुणं. ग्रीस जातं, पण त्याच्याबरोबर चुनाही जातो.

हा झाला झिजेचा इसब. तो पुरेसा मारा झाला की कुणालाही होऊ शकतो. दुसरा असतो ॲलर्जीचा. तो त्या वस्तूचं वावडं असलेल्यालाच होतो, पण मग थोडासा स्पर्शही पुरतो, आणि चट्टा बहुधा एक-दोन दिवसांनी उठतो. म्हणून कारण लक्षात येत नाही. आपल्याकडची नेहमीची कारणं म्हणजे रबरी हातमोज्यात मिसळलेली रसायनं, फायबरच्या कामातलं रेझिन आणि हार्डनर, सिमेंटमधलं क्रोमियम, आणि लाकडी होडीला लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल. हे तेल तर थेट भाजतंसुद्धा.

तिसरा प्रकार थोड्यांना होतो, पण आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. ताजी मासळी किंवा कोळंबी हाताळली की काही मिनिटांतच खाज आणि लाली येते. कच्च्या अन्नाच्या प्रथिनांमुळे होणारा हा हाताचा इसब डेन्मार्कच्या डॉक्टरांनी १९७६ मध्ये स्वयंपाकघरातल्या कामगारांवर लिहून ठेवला आहे. भिंत आधीच फाटलेली असली की अशी ॲलर्जी जडणं सोपं जातं. म्हणून साध्या भेगांकडेही दुर्लक्ष नको.

बंदीचा हिशेब लावा

१ जून ते ३१ जुलै आपण समुद्रात जात नाही. हे ६१ दिवस म्हणजे फुकटची तपासणी आहे. बंदीत हात बरे झाले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा फाटले, तर कारण पाणी, बर्फ, मासळी किंवा बोटीवरचे हातमोजे यांत आहे. उलट बंदीतच वाढले, तर त्या काळात केलेलं काम आठवा. रंग, रेझिन, काजूचं तेल, घराचं सिमेंटचं काम? आणि बारा महिने सारखंच राहिलं तर घरचा साबण, भांड्यांची पावडर, किंवा दुसराच रोग असू शकतो. एवढं सांगितलं तरी डॉक्टरचं अर्धं काम होतं. नक्की कारण शोधायला पाठीवर पट्ट्या लावून चाचणी करतात. त्या ४८ तास ठेवतात, आणि काढल्यावर पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात.

मासे खायचे सोडायचे का?

मोठ्या माणसाच्या हाताचा इसब मासे खाल्ल्याने सहसा होत नाही. घरातलं स्वस्त आणि चांगलं अन्न उगाच बंद करू नका. मासे खाल्ल्यावर लगेच अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे लगेच दवाखाना गाठा. बर्फाविना राहिलेला बांगडा किंवा कुपा खाऊन तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, तो हिस्टामिनचा त्रास आहे. तोही इसब नव्हे.

इसबासारखं दिसतं, पण इसब नसतं

घरातल्या सगळ्यांना रात्री खाज सुटत असेल तर खरूज समजा. कडा उठलेला गोल चट्टा जांघेत, कमरेला पसरत असेल तर गजकर्ण. काटा टोचल्यावर बोट जांभळट-लाल होऊन दुखायला लागलं, किंवा आठवडे न भरणारी गाठ आली, तर तो जंतूंचा संसर्ग आहे. आणि चट्टा खाजत नाही, उलट बधिर लागतो, तर अजिबात वेळ घालवू नका. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं आणि त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत उपचार आहेत.

म्हणूनच दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये कडक स्टेरॉइड असतं. गजकर्णावर ते लावलं की खाज चार दिवस दबते आणि बुरशी आतून पसरते. स्टेरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. पण डॉक्टरने तेच मलम इसबासाठी ठरावीक दिवस दिलं असेल, तर भिऊन अर्ध्यावर सोडू नका.

रोज करायच्या गोष्टी

- काम संपलं की गोड्या पाण्याने हात धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा.
- लगेच व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळा. रात्री जाड थर लावून सुती मोजे घाला.
- रबरी हातमोज्याच्या आत सुती मोजा घाला. आत पाणी गेलं की बदला, ओला मोजा नुसत्या हातापेक्षा वाईट.
- ग्रीस काढायला आधी खोबरेल चोळून पुसा, मग साधा साबण. डिझेल नको.
- भेगांतून पू, पिवळी खपली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

बोटमालकांना एक विनंती. हातमोज्यांचे दोन जोड आणि बोटीवर गोड्या पाण्याचा एक कॅन, एवढा खर्च खलाशी चार दिवस बसून राहण्यापेक्षा कमीच आहे. परप्रांतातून आलेला मुलगा हात दुखतात हे सांगायला लाजतो, कारण त्याला काम जाण्याची भीती असते. त्याला तुम्हीच विचारा. दोन आठवडे काळजी घेऊनही फरक पडला नाही, तर जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीला गोमेकॉच्या त्वचारोग विभागात दाखवा, आणि जाताना वापरत असलेला हातमोजा, साबण आणि मलमाची ट्यूब सोबत न्या.

ही पोस्ट आपल्या बोटीच्या ग्रुपवर टाका. जे वाचत नाहीत त्यांना वाचून दाखवा.