पुडिंगच्या वाटेवर चार बोगदे

बेकवेलमध्ये जाऊन ‘बेकवेल टार्ट’ मागितलात तर मिळतो, नाही असं नाही. पण साताऱ्याच्या पेढेवाल्याकडे रसगुल्ला मागणाऱ्याकडे जसं बघतील, तसं काउंटरमागच्या बाई तुमच्याकडे बघतात. इथे मागायचं ते पुडिंग! मँचेस्टरला नोकरीत असताना पहिल्या खेपेला मी टार्ट खाऊन परतलो होतो. तो डाग धुवायला पुढे किती वेळा गेलो, याचा हिशेब ठेवलेला नाही. दरवेळी सोबत सायकल होती, एवढीच काय ती व्यायामाची सबब.

वाट मॉन्सल ट्रेलची. डर्बीशरमधल्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये मिडलँड रेल्वेने १८६३ साली इथून गाडी नेली, १९६८ साली ती बंद झाली आणि रूळ निघाले. उरली बेकवेलपासून ब्लॅकवेल मिलपर्यंतची ८.५ मैलांची वाट. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून ही वाट माझ्यासारख्या पन्नाशीच्या गुडघ्यांनाही झेपते. १८६३ सालीच आपल्याकडे बोरघाटातून गाडी सुरू झाली होती. त्यामुळे हेडस्टोनचा पाच कमानींचा पूल आणि खाली वळसा घेत जाणारी वाय नदी दिसली, की मला हटकून खंडाळा आठवतो.

आज पोस्टकार्डावर मिरवणाऱ्या या पुलावर कलासमीक्षक जॉन रस्किन भयंकर चिडला होता. बक्स्टनच्या मूर्खांना अर्ध्या तासात बेकवेलला आणि बेकवेलच्या मूर्खांना बक्स्टनला पोचता यावं, एवढ्यासाठी या लोकांनी देवभूमीसारखी दरी नासवली, असा त्याचा सूर. पुडिंगसाठी तिकडे धावणारा मी त्याच मूर्खांच्या घराण्यातला.

वाटेत चार मोठे बोगदे लागतात, प्रत्येक साधारण ४०० मीटरचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांना टाळं होतं. डोंगरावरून पायवाटेने वळसा घालावा लागे आणि सायकल आपल्याला नेण्याऐवजी आपणच सायकलला नेत असू. २०११ साली ते उघडले. आत दिवे आहेत, भिंतींना अजून धुराची काजळी आहे आणि ऐन जुलैतही कानाच्या पाळ्या गार पडतात. लिटन आणि क्रेसब्रुकच्या सूतगिरण्याही याच वाटेवर आहेत. लिटनच्या गिरणीत अनाथ मुलांना राबवल्याचा इतिहास काळाकुट्ट आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

आता खाण्याकडे वळू. सकाळी हॅसप स्टेशनवर (गाडी नाही, आता तिथे कॅफे आहे) किंवा वाटेत मिळेल तिथे ओटकेक खावा. नावावरून बिस्किट वाटतं, पण निघते चक्क आंबोळी! ओटचं पीठ, थोडी कणीक, यीस्ट आणि पाणी कालवून ठेवायचं, फुगून आलं की तव्यावर घालायचं. जाळी पडते, कड सुटते. ते लोक त्यात बेकन आणि चीज गुंडाळतात. एकदा मी डब्यातून नेलेली लसणीची चटणी पसरून खाल्ली. शेजारच्या टेबलावरचे आजोबा वास घेत वळून बघत होते.

आणि मग पुडिंग. दंतकथा अशी, की गावातल्या खानावळीच्या स्वयंपाकिणीने अंडी-बदामाचं मिश्रण पेस्ट्रीत मिसळायच्या ऐवजी चुकून जॅमवर ओतलं आणि पाहुणे खूष झाले. कोणी हे १८२० च्या सुमारास घडलं म्हणतं, कोणी १८६० च्या. यातलं १८६० तर निकालात काढता येतं, कारण एलायझा ॲक्टनबाईंनी १८४५ च्या पाकपुस्तकात बेकवेल पुडिंगची कृती छापलेली आहे. गंमत म्हणजे त्या कृतीत पेस्ट्रीच नाही! भांड्याच्या तळाशी इंचभर मुरंबा, वर दहा अंड्यांचे बलक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पौंड कढवलेलं लोणी. म्हणजे आपलं साजूक तूपच की. स्वादाला बदामाचा अर्क, किंवा आवडेल ते. मग स्वयंपाकीण चुकली कशात? माझ्या मते चूकबीक काही नव्हती, गोष्ट मागाहून रचली गेली. पण गावात एकाहून अधिक दुकानं मूळ कृती आपलीच म्हणतात, तिथे हे बोलायची माझी छाती नाही.

आज मिळणारं पुडिंग पापुद्र्याच्या पेस्ट्रीत असतं. रूप ओबडधोबड, मधे खचलेलं, वर तपकिरी डाग. गरम असताना चमचा घातला की आधी पापुद्रा करकरतो, मग खरवसासारखा थरथरणारा पिवळा थर, तळाशी आंबटगोड जॅम. टार्ट यापुढे फारच नीटनेटका आणि कोरडा. पांढऱ्या आयसिंगवर चेरी बसवलेल्या त्याच्या बाजारी भावंडांबद्दल तर बोलायलाच नको.

पुण्याला परतल्यावर ॲक्टनबाईंची कृती निम्म्या मापात करून पाहिली. आईने अंडं आहे हे माहीत नसल्यासारखं दाखवत दोन चमचे खाल्ले आणि म्हणाली, “जायफळ घालायचं होतंस रे थोडं.”