माऊसच्या बाणाची वर्दी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सरकारी अर्जात आधी जिल्हा, मग मंडल, मग गाव अशी निवड करणे आदिलाबादकरांच्या अंगवळणी पडले आहे. असा अर्ज वेबपानावर रचताना नवशिक्या प्रोग्रामर आदिलाबादच्या चौकटीत बेला मंडलाची चौकट बसवितो, तीत गावांची बटणे मांडतो, आणि माऊसचा बाण जिल्ह्यावर येताच माहितीची पट्टी उघडावी अशी तजवीज करतो. परंतु बाण आत सरकताच पट्टी लुकलुकू लागते आणि ठपका ब्राउझरवर ठेवला जातो. वस्तुतः ब्राउझर आपले नियम चोख पाळीत असतो. बाणाच्या आगमनाची वर्दी कोणत्या मार्गाने जाते, याविषयीच्या समजुती तेवढ्या सदोष असतात.

गैरसमज: बाण गावाच्या बटणावर असेल, तर वर्दी केवळ त्या बटणास मिळते.

वस्तुस्थिती: ‘माऊसओव्हर’ ही वर्दी दस्तऐवजाच्या मुळापासून बटणापर्यंत उतरते आणि तेथून मंडल, जिल्हा या क्रमाने पुन्हा वर चढते. नेटस्केपने उतरता मार्ग स्वीकारला होता, मायक्रोसॉफ्टने चढता. २००० साली डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या ‘डॉम लेव्हल २’ मानकाने दोहोंचा समन्वय केला. म्हणूनच जिल्ह्याच्या चौकटीवर नेमलेल्या एकाच फंक्शनकडे साऱ्या गावांच्या वर्द्या पोचू शकतात.

गैरसमज: आतल्या चौकटीत गेलेला बाण बाहेरच्या चौकटीतच असल्यामुळे बाहेरचीस ‘माऊसआऊट’ मिळणार नाही.

वस्तुस्थिती: मिळते. जिल्ह्याच्या मोकळ्या जागेतून बाण बेल्यावर सरकला, की जिल्ह्यास प्रथम निर्गमनाची वर्दी मिळते आणि तत्क्षणी मंडलाकडून वर चढलेली आगमनाची वर्दी येऊन थडकते. लुकलुकण्याचे मूळ हेच. यावर उपाय ‘माऊसएंटर’ आणि ‘माऊसलीव्ह’ यांचा. या वर्द्या वर चढत नाहीत, आणि बाण चौकटीच्या कोणत्याही वंशजावर असेतोवर ‘माऊसलीव्ह’ होत नाही. बाण बाहेरून एकदम गावावर आला, तर जिल्हा, मंडल आणि गाव या तिघांस याच क्रमाने स्वतंत्र ‘माऊसएंटर’ मिळते. निघताना क्रम उलटा होतो. जुन्याच वर्द्या वापरावयाच्या असतील, तर ‘रिलेटेडटार्गेट’ तपासावे, म्हणजे बाण कोठे गेला हे कळते.

गैरसमज: पडद्यावर बाणाखाली ज्या ज्या चौकटी येतात, त्या साऱ्यांस वर्दी मिळते.

वस्तुस्थिती: वर्दी वंशाने चालते. उदाहरणार्थ, ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्मल हा स्वतंत्र जिल्हा झाला. अर्जातही त्याची चौकट आदिलाबादच्या शेजारी, स्वतंत्र असणार. आदिलाबादची यादी उघडून निर्मलच्या चौकटीवर पसरली आणि बाण त्या यादीवर टेकला, तर खाली झाकलेल्या निर्मलास त्याची खबरही लागत नाही. यादी आपल्या सीमेबाहेर लोंबत असूनही आदिलाबादास मात्र, ती त्याची वंशज असल्यामुळे, वर्दी पोचते.

गैरसमज: ‘स्टॉपप्रोपगेशन’ने वर्दी अडविली, की वडील चौकटीचा बदललेला रंगही पूर्ववत होतो.

वस्तुस्थिती: त्या आज्ञेने वर्दीचा पुढील प्रवास थांबतो एवढेच. सीएसएसमधील ‘होव्हर’चा नियम त्या प्रवासावर अवलंबून नाही, बाण वंशजावर असेपर्यंत तो वडील चौकटीसही लागू राहतो.

गैरसमज: बाण ठेवताच दिसणारी माहिती सर्वांपर्यंत पोचली.

वस्तुस्थिती: स्पर्शपडद्यावर बोट टेकल्याखेरीज त्याचा ठाव लागत नाही, आणि केवळ कळफलक वापरणाऱ्यांस बाण नसतोच. २०१८ च्या ‘डब्ल्यूसीएजी २.१’ या सुगम्यता-मानकाची अपेक्षा अशी, की अशी पट्टी बाण न हलविता मिटविता यावी, बाण तिच्यावर नेता यावा आणि वापरणाऱ्याने ती मिटवेपर्यंत वा बाण दूर नेईपर्यंत ती टिकावी. त्याही पलीकडे जाऊन मी आग्रहाने म्हणेन, की ज्या अटीवर एखाद्या शेतकऱ्याचा अर्ज मंजूर वा नामंजूर होणार, ती अट केवळ बाणाच्या भरवशावर कधीही ठेवू नये. ती पानावर उघड लिहिलेली असावी.