पोटातील पडदा आणि त्याचे आयुष्य

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे रक्त शुद्ध करण्याचे दोन मार्ग उरतात. एक यंत्राचा, दुसरा आपल्याच पोटातील पडद्याचा. या दुसऱ्या मार्गाच्या एका विरळ पण दारुण परिणामाचा आपण येथे विचार करू.

आतड्यांना व पोटाच्या भिंतीला आतून मढविणारा जो पातळ, ओलसर पडदा, त्यास पर्युदर म्हणतात. नळीवाटे पोटात सुमारे २ लिटर द्रव सोडला, की रक्तातील युरियासारखी द्रव्ये या पडद्यातून त्यात झिरपतात आणि द्रवातील ग्लुकोज जादा पाणी ओढून घेते. काही तासांनी तो काढून नवा भरावयाचा. १९७६ साली अमेरिकेत पोपोविच व मोनक्रीफ यांनी ही सतत चालणारी पद्धत मांडली आणि पुढे अनेकांना घरच्या घरी उपचार घेता येऊ लागले.

परंतु हा पडदा आहे तो आतडी एकमेकांवर सहज सरकावीत म्हणून. वर्षानुवर्षे साखरेच्या पाण्यात भिजण्यासाठी नव्हे. ग्लुकोज, द्रव तापवून निर्जंतुक करताना त्यातून उपजणारी द्रव्ये आणि मधूनमधून होणारा जंतुसंसर्ग यांमुळे वरचा नाजूक थर झडतो व खाली व्रणासारखे तंतू साठतात. बहुतेकांचे एवढ्यावरच निभावते. थोड्यांच्या बाबतीत मात्र जाड झालेला पडदा रेशीमकिड्याच्या कोशासारखा आतड्यांना आवळतो. अन्न पुढे सरकत नाही. वांत्या होतात, देह झिजतो, प्राणावरही बेतते.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधील पाहणीत हा विकार शंभरात अडीच रुग्णांना आढळला. पंधरा वर्षांहून अधिक काळ उपचार घेणाऱ्यांत मात्र शंभरात सतरांना. म्हणजे काळ हाच येथे मुख्य कारण ठरतो.

म्हणून हा उपचार टाकावा काय? मुळीच नाही. यंत्रापासून दूर राहणाऱ्याला तो वरदानच आहे. मात्र द्रवात साखर बेताची असावी, स्वच्छता कसोशीने पाळावी, पडद्याची वेळोवेळी परीक्षा व्हावी आणि तो थकू लागताच दुसरा मार्ग धरावा. विकार जडलाच, तर हा उपचार थांबवून पोषण सांभाळतात, औषधे देतात. प्रसंगी कुशल शल्यविशारद आतडी मोकळी करतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा विकार पुष्कळदा उपचार सोडल्यानंतर, मूत्रपिंडाचे रोपण झाल्यावरही, डोके वर काढतो. अशा माणसाला वांत्या होऊ लागल्या, तर अपचन म्हणून घरगुती औषधावर दिवस काढू नयेत. पूर्वी पोटातून डायलिसिस झाले होते, हे डॉक्टरांना आधी सांगावे.