फेब्रुवारीतले 300 रुपये

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असते. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500 झाले की घटनेने घातलेली मर्यादा संपते. रक्कम लहान, त्यामुळे तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पण 1975 साली राज्यात हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराकडून पैसे घ्यायचे, त्यात सरकारने तेवढीच भर घालायची आणि दुष्काळी तालुक्यात मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बाईला त्यातून मजुरी द्यायची. सरकारच्या खर्चाने विकास होतो की महागाई वाढते, हे समजून घ्यायला मला ही ओळ फार उपयोगी वाटते.

योजनेचं बीज विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात लावलं होतं. तिच्यामागच्या कल्पनेची खरी कसोटी लागली 1972च्या दुष्काळात. ज्वारी-बाजरी बुडाली, विहिरी आटल्या, शेतात कुणाच्याच हाताला काम उरलं नाही. मे 1973 मध्ये राज्यभरच्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. मुकादमाने मस्टरवर हजेरी मांडायची, कामाच्या मोजमापाप्रमाणे मजुरी व्हायची, मुलांच्या हातावर सुकडी पडायची.

आता या मजुरीचं पुढे काय झालं ते पाहू. उपाशी माणसाच्या हाती आलेला रुपया कापडाच्या दुकानात जात नाही, तो थेट धान्याकडे जातो. धान्य तर राज्यात पिकलेलंच नव्हतं. अशा वेळी मागणी वाढली की भाव चढणारच, आणि ते चढले. पण चढलेल्या भावानेच बाहेरचं धान्य ओढून आणलं. धान्याच्या आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध असतानाही व्यापाऱ्यांनी ते आणलं. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. मजुरांच्या हाती रोख पैसा होता म्हणूनच धान्य त्यांच्यापर्यंत पोचलं, असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे दुसरीकडच्या कुणाच्या तरी ताटातली भाकर थोडी महाग झाली आणि इथली माणसं जगली. ही महागाई मी न्याय्य मानतो.

पण महागाई सोसणाऱ्याला हे सांगून पटत नाही. त्या काळी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांच्या मागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांचा राग खरा होता. देशभर पिकं कमी होती, बांगलादेश युद्धाचा आणि निर्वासितांचा खर्च नुकताच झाला होता, ऑक्टोबर 1973 नंतर तेल भडकलं. 1974-75 मध्ये घाऊक किमती आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे 25 टक्क्यांनी वाढल्या. तेव्हा केंद्राने उलटी वाट धरली. जुलै 1974 मध्ये अध्यादेश काढून नोकरदारांची पगारवाढ आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत अडकवला.

पैसा कुठून आला, यावरही भाव ठरतात. व्यवसाय करातून आलेला रुपया आधी शहरातल्या खिशातून निघालेला असतो. तिथली खरेदी तेवढी घटते आणि गावातली वाढते. रिझर्व्ह बँकेकडून उचललेला रुपया मात्र कुणाच्याच खिशातून गेलेला नसतो. 1955 पासून केंद्र सरकार तदर्थ हुंड्या (ट्रेझरी बिलं) देऊन रिझर्व्ह बँकेकडून जवळजवळ हवे तेवढे पैसे घेई. ती प्रथा 1997 मध्ये बंद झाली, आणि मला ती आपल्या आर्थिक इतिहासातली मोठी सुधारणा वाटते.

माझ्या मते याहूनही मोठा फरक पडतो तो मजुरीच्या बदल्यात मागे काय उरतं याने. 1972च्या दुष्काळात असंख्य हात खडी फोडत होते. रस्ता झाला तिथे ती कामी आली, पण अनेक ठिकाणी तिचे ढीग नुसतेच पडून राहिले. त्या मजुरीने धान्याची मागणी वाढवली, धान्य मात्र वाढवलं नाही. पाझर तलावाचं तसं नाही. पहिल्या वर्षी तोही मागणीच वाढवतो. पण पाऊस पडला की पाणी मुरतं, खालच्या विहिरींना उमाळा येतो आणि ज्याला एक पीक हाती लागत नव्हतं तो रब्बीही घेतो. खर्च झाला त्या वर्षी चढलेला भाव उतरवायला पुढच्या वर्षांची ज्वारी बाजारात येते. मजुरी दोन्हीकडे सारखीच, शिवारात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर.

आज लाडकी बहीण योजनेत महिन्याला 1,500 रुपये थेट बायकांच्या खात्यात येतात. 2024 मध्ये तिचा वार्षिक अंदाज 46,000 कोटींचा होता. किराणा, औषधं, शाळेची वह्या-पुस्तकं यांवर तो पैसा जातो. दुकानात माल असेल तर दुकानदाराचा धंदा वाढतो, भाव फारसे हलत नाहीत. घरातल्या बाईच्या हाती स्वतःचा पैसा असणं मला मोलाचं वाटतं. पण त्यासाठी पाण्याच्या आणि रस्त्याच्या कामांचा निधी आटतो का, हे दर अर्थसंकल्पात तपासायला हवं.

पाझर तलावही कायमचा नसतो. दर पावसाळ्यात थोडा गाळ येतो, तळ बुजतो, पाणी मुरायचं थांबतं. तो गाळ काढून शेतात पसरला तर तलाव पुन्हा पाझरतो आणि हलकी जमीनही सुधारते. या कामाला ना कोनशिला लागते ना फीत. उन्हाळ्यात माणसं, यंत्रं आणि वेळेवर आलेले पैसे लागतात.